प्रलयात भरलेली घागर

तेलंगणाच्या तामसी मंडलातल्या आमच्या आत्याच्या गावात कोणालाही रेणुकाबाईचं घर विचारा. घर दाखवायच्या आधी तो माणूस हसेल आणि म्हणेल, "सिनेमा बुडवला ती का?" मला याचा भयंकर राग येतो. माझी आत्या कापूस वेचायला लागली की तिच्या जोडीला कोणी टिकत नाही. लग्नघरी भाकरी थापायला बसली की शेवटचा पाहुणा जेवेपर्यंत उठत नाही. एवढं करून बाईची ओळख काय, तर सिनेमा बुडवला!

झालं होतं असं. एका उन्हाळ्यात तेलुगू सिनेमावाले गावात आले. आत्याची रुपा तेव्हा आठ वर्षांची होती. सिनेमा हवामान बिघडल्याचा होता. आधी उन्हाळा संपतच नाही, मग एकाएकी आभाळ फुटतं आणि गावंच्या गावं वाहून जातात. त्यासाठी त्यांना भेगाळलेली जमीन हवी होती. तिची आमच्याकडे काही कमी नव्हती. विहिरी आटलेल्या, हापसा कोरडा, आणि प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तेही त्याची लहर लागली तर. आणि अशा गावात ही मंडळी खोटा पाऊस पाडायला आली, तोही टँकरनंच!

टँकरचा गावात एक कायदा होता. मोटार घरघरली की हातातलं टाकायचं आणि घागर घेऊन पळायचं. हातात पुस्तक असो की पिठाची परात. पोरांना पाढ्यांच्या आधी हे यायचं.

रुपाचे टपोरे डोळे बघून डायरेक्टरनं तिला निवडलं. कोकरू पोटाशी धरून तिनं चावडीपुढे उभं राहायचं, आभाळाकडे बघून रडायचं, आणि मागून सगळ्या गावानं ओरडत पळायचं. पडद्यावर तिचा चेहरा एवढा मोठा दिसणार म्हणून पोरगी जेवणसुद्धा विसरली. आरशापुढे रडायचा सराव करायची आणि मध्येच खुदकन हसायची.

पुढची गोष्ट गाव सांगतं ती अशी. नळ्या सुटल्या, पाऊस पडू लागला, धूर सोडला, आणि सगळे पळणार तेवढ्यात रेणुकाबाई घागर घेऊन पावसात घुसली. तिला बघून बाकीच्या बाया धावल्या. कोणी बादली लावली, कोणी परात. "भागो, भागो!" म्हणून सिनेमावाले घसा फोडत होते आणि बाया नळीखाली नंबर लावून भांडत होत्या. डायरेक्टर भानावर येईपर्यंत टँकर रिकामा झाला होता आणि गावातली सगळी भांडी भरली होती.

"कोणी सुरू केलं हे?" डायरेक्टर कडाडला. दुभाष्यानं हिंदीत विचारलं. आत्या पुढे झाली. कमरेवर घागर, पदरातून पाणी गळतंय. "म्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सामान बांधलं आणि तो प्रसंग दुसऱ्या कुठल्या तरी गावात जाऊन उरकला.

तो सिनेमा बरीच वर्षं रखडला. शेवटी आदिलाबादच्या टॉकीजला लागला तेव्हा रुपा दहावीत होती. तरी गावानं आशा सोडली नव्हती. टेम्पो करून, भाकऱ्या बांधून सगळे गेले. रुपानं नवा ड्रेस घातला होता. पडद्यावर आमच्या गावाचं काय दिसलं, तर देवळाजवळचा लिंब आणि एका म्हशीची पाठ. तेवढ्यावरच शिट्ट्या पडल्या. परत येताना शेजारची शकुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "रेणुके, तुह्या घागरीपायी आमचं गाव वाहून गेलं वो!" टेम्पोभर हशा झाला. रुपा तेवढी हसली नाही.

तेव्हापासून तिनं आईला शाळेच्या एकाही कार्यक्रमाला येऊ दिलं नाही. "तू आली की माहं काई ना काई बिघडते," म्हणायची. पुढे ती बसनं आदिलाबादला कॉलेजला जाऊ लागली, नाटकात कामं करू लागली. या वर्षी तर गॅदरिंगच्या नाटकात मोठं काम मिळालं. आईला सांगून टाकलं, तू येऊ नको. आत्या "बरं" म्हणाली, आणि नाटकात नेसायला म्हणून आपलं ठेवणीतलं लुगडं काढून, तांब्यात निखारे घालून, घडीवर घडी इस्त्री करत बसली. ते बघून माझं काळीज तुटलं. मुधोळच्या शाळेत रोज पन्नास पोरांना गप्प करणारी मी, पण घरच्या या पोरीला दोन शब्द सुनवावेत की नाही, ते मला कळेना.

त्याच आठवड्यात मला आदिलाबादच्या बसस्टँडजवळ त्या सिनेमाची डीव्हीडी दिसली. दुकानदार जुना माल काढून टाकत होता. वेष्टनावर बुडणारं शहर आणि हेलिकॉप्टरला लटकलेला हिरो. लिंब तरी पुन्हा दिसेल म्हणून मी ती उचलली. रविवारी घरचा प्लेअर पिशवीत घालून आत्याकडे गेले.

दुपारची वेळ होती. आत्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शकुबाई बोलावल्याशिवायच आली आणि टीव्हीसमोरची जागा धरून बसली. सिनेमा मोठा गमतीचा. जग बुडतं, पण हिरोचा भांग मोडत नाही. लिंब आला, म्हैस आली, आम्ही टाळ्या पिटल्या. संपल्यावर रुपा बंद करायला उठली आणि थांबली. ती तेलुगूतून शिकलेली, पडद्यावरच्या ओळी तिनंच वाचल्या.

"नेहाताई, इथं अजून काई हाय. शूटिंगच्या गमती, असं लिवलं."

"लाव की मग," मी म्हटलं. आत्याचा शेंगांवरचा हात थांबला. "राहू दे वो, झाला ना सिनेमा," ती म्हणाली. पण रुपानं बटण दाबलं होतं.

आधी हिरो घोड्यावरून पडला. मग एकदम आमची चावडी आली, आणि पडदाभर रुपाचा चेहरा. आठ वर्षांची, कोकरू छातीशी धरलेली, डोळ्यांत खरंखुरं पाणी. शकुबाईनं तोंडावर हात ठेवला. मागून टँकरची मोटार घरघरली. पोरीचं रडणं तिथंच थांबलं. तिनं कान टवकारले, कोकरू खाली ठेवलं, बाजूच्या दारातली स्वतःपेक्षा जड घागर दोन्ही हातांनी ओढत नळीखाली आणली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "आये! पाणी आलं वं!"

मग कुठं आत्या दिसली. धावत आली, रुपाच्या हातातली घागर आपल्या कमरेवर घेतली. तिच्यामागे धुरातून बाकीच्या बाया. सगळ्यात मोठं घंगाळ कोणाचं होतं म्हणता? शकुबाईचं.

गाव मागं होतं, मध्ये धूर होता, आणि सिनेमावाले गावाला पळवण्यात गुंतले होते. पहिली घागर कोणी लावली ते कॅमेऱ्यानं पाहिलं होतं, आणि आत्यानं.

रुपा रिमोट धरून आईकडे वळली. "म्या केलं होतं?" ती म्हणाली. "मले कसं नाई आठवत?"

"आठ वर्साची होती तू," आत्या म्हणाली.

"तुले माहीत होतं. मंग सांगितलं काऊन नाई? मी तुले इतकं बोलून राह्यली, तवा तरी!"

"साऱ्या गावानं तुले धरलं असतं. मले बोलले, मी ऐकून घेतलं." आत्यानं एक शेंग सोलली. "आन चुकली कुटं तू? टँकर आला की पळायचं, हे म्याच तं शिकवलं होतं तुले."

 शकुबाई हळूच म्हणाली, "घंगाळ चांगलं दिसून राह्यलं वो माहं." आम्ही हसलो, ती स्वतःही हसली. उठताना मात्र तिनं आत्याच्या सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला परत खाली बसली.

रुपानं तो भाग पुन्हा लावला. या वेळी ती आईच्या शेजारी, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. पडद्यावरची पोर "आये!" म्हणून ओरडली आणि रुपाला रडू फुटलं. मलाही फुटलं, कशाला लपवू?

"आई, शनवारी नाटक हाय माहं," डोळे पुसत ती म्हणाली. "तू ये. पुढंच बस."

आत्यानं पदरात पडलेली टरफलं झटकली.

"घागर आणू का?"

"आण," रुपा म्हणाली. "मोठी आण."