नापासबाईंची पिवळी पट्टी

आमच्या इमारतीत त्यांना सगळे नापासबाई म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. नाव कारखान्यातलं. बंदराजवळच्या त्या कारखान्यात बोटींवरची लाइफ जॅकेटं शिवली जात. नारिंगी कापड, आत फोमचे ठोकळे, तीन पट्टे, एक शिट्टी. एकतीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची बावीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. जॅकेट मशिनवर ताणून पाहिलेलं असलं तरी त्या ते स्वतःच्या अंगात घालत, पट्टे आवळत आणि गळ्यापाशी दोन्ही हातांनी तीनदा हिसका देत. टाका जरा हलला की 'नापास'चा लाल शिक्का.

पास झालेल्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तपासणाऱ्याची सही लागे, तीही स्वतःच्या हातची. एकदा बाई तापानं घरी होत्या, तेव्हा व्यवस्थापकांनी त्यांच्या नावाची सही दुसऱ्याकडून उरकून घेतली. बाई कामावर आल्या त्या दिवशी तो दोनशे जॅकेटांचा गठ्ठा गाडीत चढत होता. त्यांनी तो उतरवायला लावला आणि पहिल्यापासून तपासला. संध्याकाळी व्यवस्थापक म्हणाले, "बघा, निघाला की सगळा माल चांगला."

"माल चांगलाच होता," बाई म्हणाल्या. "सही वाईट होती."

नाताळच्या सुट्टीत लोक जहाजानं फिरायला निघतात, त्यामुळे कारखान्यात डिसेंबरभर दुप्पट काम असे. एकतीस वर्षं बाईंनी त्या दिवसांत सुट्टी घेतली नाही. निवृत्त झाल्या तेव्हा वाटलं, आता मोकळ्या झाल्या. पण मग मुलगा आणि सून आधी एक आणि पुढे दोन्ही मुलं त्यांच्याकडे सोडून नाताळात आठवडाभर डोंगरात जाऊ लागले. नातवंडांवर बाईंचा जीव आहे, म्हणून बारा वर्षं त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. तेराव्या वर्षी काढला. वय तेव्हा चौऱ्याहत्तर.

ऑक्टोबरातला रविवार होता. मी समोरच राहते, त्यामुळे रविवारी माझं जेवण त्यांच्याकडेच असतं. सून सुट्टीचं बोलायला लागली, तशा बाई वाढता वाढता म्हणाल्या, "यंदा नाताळात मी नाहीये."

"नाहीये म्हणजे?" सुनेनं विचारलं.

"जहाजानं चाललेय. आठ दिवस. मास्तरीणबाई आहेत सोबत."

मला त्यांनी विचारलं होतं हे खरं, पण मी होकार दिलाय हे मला तिथं ताटावर बसल्यावर कळलं.

मुलगा विम्याच्या कचेरीत आहे. कुठं काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचाच त्याला पगार मिळतो. तो म्हणाला, "आई, तुला बसमध्ये मळमळतं. जहाजावर काय होईल?"

"बसचं मला काही कळत नाही. जहाज बुडालं तर काय करायचं, ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

"आणि आम्हाला कोण सांभाळणार?" धाकट्या नातीनं विचारलं.

"ज्यांनी तुम्हाला जन्माला घातलंय ते."

मुलगा हसला नाही. "पण तुला बघायचंय तरी काय तिथं?"

बाईंनी हातातला डाव भांड्यात ठेवला. "पंचवीस तारखेला जहाज एका बेटाजवळ थांबतं. धक्का नाही, म्हणून मोठं जहाज लांब उभं राहतं आणि लोक जॅकेट घालून लहान बोटीत उतरतात. मी किती हजार जॅकेटं पास केली याचा हिशोब नाही. ते घालून बोटीत उतरलेला माणूस मी एकदाही पाहिलेला नाही. मला उतरायचंय."

मुलानं दोन आठवडे बरीच खटपट केली आणि मग एकदम नरमला. फॉर्म मी भरतो म्हणाला. कॉम्प्युटरवरच्या त्या बारीक चौकोनांचा बाईंना कंटाळा, त्यामुळे त्यांनी भरू दिला. त्यांच्यासारख्या बाईनं न वाचलेला कागद पुढे जाऊ दिला, तो हा एकच. मुलगा होता ना समोर.

बंदरावर आम्ही बॅगा ओढत पोचलो, तर फाटकाशी व्हीलचेअर उभी. तिच्या पाठीवर बाईंचं नाव लिहिलेली चिठ्ठी. शेजारी पांढऱ्या गणवेशातली एक चाळिशीची बाई, हातात यादी. वृद्ध प्रवाशांची जबाबदारी तिच्याकडे होती.

"बसा ना आजी," ती म्हणाली.

"कुणाची आजी?" बाईंनी विचारलं. "आणि ही खुर्ची कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच. फॉर्ममध्ये लिहिलंय, चालायला मदत लागते, जिने चढू नयेत, मऊ जेवण." तिनं बाईंच्या मनगटाभोवती पिवळी प्लास्टिकची पट्टी अडकवली. ती एकदा अडकली की कात्रीशिवाय निघत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि काळजीवाहक म्हणून तुमचं नाव आहे."

माझे दोन्ही गुडघे गेली सहा वर्षं पायरी पाहिली की कुरकुरतात. बाई माझ्या गुडघ्यांकडे बघून हसल्या, तेवढ्याच. खुर्चीत त्यांनी आपली बॅग बसवली आणि त्या जहाजाचा उतार चढून गेल्या.

आत गेल्यावर खरी गोष्ट कळली. पिवळ्या पट्टीवाल्यांना लहान बोटीत उतरायची परवानगी नव्हती. काळजीवाहकांना होती. म्हणजे बेटावर मी जाऊ शकत होते.

बाईंनी किनारा दिसेनासा व्हायच्या आत मुलाला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"तुझ्या काळजीपोटीच केलं ना," तो म्हणाला. "घसरलीस तर? तिथं कोण आहे?"

"तू मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग उत्तर ठाऊक होतं तुला."

"आई, आठच तर दिवस. गादीवर बस, समुद्र बघ, आराम कर. ते बेट काय पळून जातंय?"

"बेट नाही जात. मी जातेय," बाई म्हणाल्या. "ते लिहिलंय ते बदलून दे."

त्यानं बदललं नाही. रागानं नाही, अगदी मायेनं नाही म्हणाला. अशा नकाराशी भांडणं फार अवघड असतं.

पिवळ्या पट्टीवाले तेरा आणि पट्टीशिवाय मी, असे आम्ही चौदा जण होतो. आमच्यासाठी काचेची एक खोली होती. आरामखुर्च्या, चौकड्यांची पांघरुणं, कोपऱ्यात चमकी लावलेलं नाताळचं झाड, आणि टेबलावर लहान मुलांसाठी असतात तशी चित्रं जुळवायची कोडी. रोज सकाळी एक जण लाल टोपी घालून येई आणि आम्हाला टाळ्या वाजवायला लावी. वरच्या डेकवर लोक नाचत, त्याची धडधड छतातून येई.

तिथं एक निवृत्त ट्रामचालक होते. एक्याऐंशी वर्षांचे, ताठ, आवाज घोगरा. त्यांना पट्टी मुलीनं लावायला लावली होती.

"चाळीस वर्षं मी अख्खं गाव फिरवलं," ते कोड्याचा एक तुकडा उलटसुलट करत म्हणाले, "आणि आता मला जिन्यावरून खाली नेणार एक पोरगी. तीसुद्धा दर पायरीला 'शाब्बास' म्हणत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? थँक्यू म्हणालो."

"तिथंच चुकलं तुमचं," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्या पांढऱ्या गणवेशातल्या बाईला गाठलं. उतरायला माणूस धड आहे की नाही हे तुम्ही ठरवता कसं, असं सरळ विचारलं. ती चांगली बाई होती, लपवाछपवी न करता म्हणाली की चाचणी असते. खालच्या डेकवर जमिनीवर दीड फुटाच्या अंतरानं दोन पांढऱ्या रेघा आखल्या आहेत. लहान बोट लाटेवर हलते, मध्ये एवढी फट पडते. कुणाचा आधार न घेता, कशाला न धरता, एका रेघेवरून दुसरीच्या पलीकडे पाऊल टाकता आलं पाहिजे. रेघेला पाय लागला तर नाही.

"मग माझी घ्या."

"तुमच्या फॉर्मवर चालायला मदत लागते असं आहे. मी चाचणी घेऊच शकत नाही. ज्यांनी फॉर्म भरला त्यांनी बदल कळवायला हवा."

"दाखवा तो फॉर्म."

तिनं छापून आणला. बाईंनी चष्मा लावला, टेबलाशी उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचला. घाई नाही. शेवटच्या पानावर खाली 'प्रवाशाची सही' असा चौकोन होता. त्यात मुलानं कॉम्प्युटरवर बाईंचं नाव टाइप केलं होतं.

"ही माझी सही नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, आजकाल असंच चालतं. घरचे भरतात."

"तुमच्याकडे चालत असेल. इथं लिहिलंय, वरील माहिती मी वाचली असून ती खरी आहे. मी वाचली नव्हती आणि ती खरी नाही. हा कागद रद्द आहे."

ती बाई जरा गडबडली. आवाज खाली आणून म्हणाली, "असं म्हणू नका. हा रद्द धरला तर तुम्ही फॉर्मशिवाय जहाजावर आहात. उद्या सकाळी बंदर आहे. मला तुम्हाला तिथं उतरवून घरी पाठवावं लागेल. सुट्टीच संपेल तुमची."

मी बाईंच्या कोपराला हात लावला. गप्प बसा, पाच दिवस तरी समुद्र बघू, असं माझ्या मनात होतं. ते त्यांना कळलं. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

"तर मग उतरवा," त्या म्हणाल्या. "मी बॅग भरते. नाहीतर कोरा फॉर्म द्या, मी माझ्या हातानं भरते आणि माझी चाचणी घ्या. नापास झाले तर पट्टी ठेवीन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. पण न तपासता शिक्का मारून घेणार नाही."

त्या केबिनमध्ये गेल्या आणि खरोखरच बॅग भरली. मीही भरली. काळजीवाहक होते ना मी, दुसरं काय करणार? रात्री आम्ही दोघी बूट घालूनच जेवलो.

सकाळी बंदर आलं, शिडी लागली. आम्ही बॅगा घेऊन दारात उभ्या. पांढऱ्या गणवेशातली बाई आली. डोळ्यांवरून दिसत होतं की तिची झोप झालेली नाही. तिच्या हातात कोरा फॉर्म होता.

"वरच्यांना विचारलं मी," ती म्हणाली. "चाचणीत काही झालं तर माझी नोकरी जाईल, एवढं लक्षात ठेवा."

"तुम्ही तुमचं काम कडक करा," बाई म्हणाल्या. "मला सवलत नको."

बाईंनी फॉर्म भरायला चाळीस मिनिटं घेतली. 'काळजीवाहक' या चौकोनात आडवी रेघ मारली. 'मदत लागते का' याच्यापुढे लिहिलं, 'बारीक अक्षर वाचायला.' खाली सही केली.

चाचणीला काचेच्या खोलीतले सगळे आले, काही खुर्च्यांसकट. बाईंनी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि रेघेशी उभ्या राहिल्या. पहिलं पाऊल टाकलं ते दुसऱ्या रेघेला चाटून पडलं. पांढऱ्या गणवेशातली बाई दुसरीकडे बघायला लागली.

"लागला," बाई स्वतःच म्हणाल्या. "किती वेळा करता येतं?"

"नियमानं तीनदा."

दुसऱ्यांदा त्यांचा तोल मागे गेला, पण पाऊल पलीकडे होतं. खाली वाकून त्या अधिकारी बाईनं टाच आणि रेघ यांच्यात बोट घालून पाहिलं. बोट आत गेलं. "पास," ती म्हणाली. बाईंनी तिसऱ्यांदाही करून दाखवलं, म्हणजे कुणाला शंका नको.

मग ट्रामवाले पुढे आले. तेही पास झाले आणि ज्या पोरीनं त्यांना शाब्बास म्हटलं होतं तिच्याकडे वळून त्यांनी "शाब्बास" म्हटलं. बाकीच्यांतले आणखी दोघं पास, पाच जण नापास, चौघांनी करूनच पाहिलं नाही. शेवटी बाईंनी मला रेघेवर उभं केलं. माझा पाय मधोमध पडला.

"तुम्ही राहा इथंच," त्या म्हणाल्या. आवाजात माया होती, पण फेरविचार नव्हता.

पंचवीस तारखेला सकाळी वारा होता. मी कठड्याला धरून खाली बघत होते. लहान बोट वरखाली होत होती. नारिंगी जॅकेट घातलेल्या बाई दारात आल्या. खलाशानं हात पुढे केला, तो त्यांनी नाकारला नाही. रांगेतल्या प्रत्येकाला तो देतच होता. एक लाट खाली गेली, एक वर आली, आणि त्या बोटीत होत्या. वर माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुपारी त्या परतल्या तेव्हा पायमोजे भिजलेले, नाक लाल. त्यांनी बूट काढले तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता. मी आवाज मोठा करून दिला.

"आई, मला जहाजाकडून मेल आलाय, तू नवीन फॉर्म भरलास म्हणून. तू उतरलीस की काय?"

"उतरले."

"तुला उतरू कसं दिलं?"

"तपासून."

 मागे मुलांचा दंगा ऐकू येत होता, आणि सून कुणाला तरी ओरडत होती. मग त्यानं विचारलं, "काय होतं बेटावर?"

"काही नाही. एक भिंत, दोन बाकं, थोडी कुत्री. ट्रामवाल्यांच्या टोपीवर पाखरानं घाण केली."

"एवढ्यासाठी एवढं सगळं?"

"हो," बाई म्हणाल्या आणि पायमोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत घातले. "तुम्ही डोंगरात जाता तेव्हा तिथं काय असतं, ते मी कधी विचारलंय?"