कुरडयांवर सौर पहारा

आमच्या घरी आजवर एकच चोरी झाली, आणि ती कुरडयांची.

बडोद्यात हरणी भागात आमचं टेनामेंट, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं जोडघर. आमच्या आणि शेजारच्या जशुबेनच्या गच्चीमध्ये गुडघ्याएवढी भिंत. त्या मे महिन्यात आमच्या सौ.ने, म्हणजे वासंतीने, गव्हाचा चीक शिजवून जुन्या साडीवर कुरडया घातल्या. दुपारी बघते तो साडीचा एक कोपरा साफ! दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा साफ. आणि भिंतीपलीकडे, जशुबेनच्या बाजूला, अर्धी कुरडई पडलेली!

"परवाच मला म्हणाल्या, 'भाभी, तमारी कुरडई बहु सरस!' तेव्हाच मला कळायला हवं होतं."

"अगं, कौतुक केलं त्यांनी."

"कौतुक करणाऱ्यांचीच भीती असते!"

झालं. बोलणं बंद, दुपारचा चहा बंद, जशुबेनकडून रविवारी येणारा खमंग हांडवो बंद. (हांडवो मी खायचो. म्हणजे शिक्षा कोणाला झाली ते बघा!) घर बांधल्यापासूनची मैत्री ती. वासंती दुपारी एकटीच कप घेऊन बसायची, आणि चहा तसाच निवून जायचा. खरं सांगतो, मला ते बघवत नव्हतं.

"खरा चोर मी पकडून दाखवतो," मी म्हणालो. "इंजिनियर आहे मी!"

चोर पकडायचं यंत्र कपाटातच होतं. जंगलात झाडाला बांधून ठेवायचा कॅमेरा! समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा. बडोद्याच्या नदीत मगरी आहेत एवढ्या माहितीवर वासंतीच्या भावाने तो अमेरिकेहून आणला होता. मी तो टाकीच्या पाइपाला बांधला. दोन दिवसांत आतले सगळे सेल संपले. वाऱ्याने साडी फडफडली की हा फोटो काढायचा; कार्डावर नुसती साडीच साडी, चोर नाही! साडीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या असत्या तरी भागलं असतं. पण साधा उपाय सुचायला माणूसही साधा लागतो. मी गच्चीवर सौरऊर्जा निर्माण करायचं ठरवलं.

"खालून वायर ओढा की!"

"वायर दिसली की चोर सावध होतो."

"आणि पॅनेल दिसलं की?"

या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं.

पाणीगेटच्या भंगारवाल्याकडून पॅनेल आणलं, लहरीपुऱ्यातून वायर आणली, जुन्या स्कूटरची बॅटरी काढली आणि पॅनेल सुतळीने पोळपाटाला बांधलं. (पोळपाटाला पाय असतात, त्यामुळे तो स्टुलावर छान फिरवता येतो. वासंती त्या आठवड्यात उपड्या ताटावर पोळ्या लाटत होती, आणि लाटता लाटता माझ्याशी बोलत होती. ते बोलणं इथे देत नाही.) पहिल्या दिवशी बॅटरी चार्जच झाली नाही. डायोड उलटा लावला होता. कारखान्यात माझ्या सहीशिवाय मोटर सुरू होत नाही, हे इथे नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी डायोड सुलटा केला, तरी बॅटरी मेलेलीच! वर जाऊन बघतो तो पॅनेल टाकीच्या सावलीत, आणि त्याच्या जागी कुरडया.

"पॅनेल कोणी हलवलं?"

"मी! ऊन आधी कुरडयांचं. उरलं तर तुमचं."

मग मी रजाच काढली. डोक्याला कानांवरून ओला पंचा गुंडाळून दिवसभर पॅनेल सूर्याकडे वळवत, मीटर बघत गच्चीवर बसलो. आणि काय सांगू! काटा हलला, कॅमेऱ्याचा दिवा लागला! मला एडिसन झाल्यासारखं वाटलं. कुरडया त्या दिवशीही गेल्या, पण आता पुरावा होता.

रविवारी मी स्वतः जाऊन जशुबेनना आणि त्यांच्या यजमानांना बोलावून आणलं. दूध का दूध, पानी का पानी! जशुबेन तोंड फिरवून खुर्चीत बसल्या. वासंतीने पाणी विचारलं, तेही भिंतीकडे बघून. मी कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं.

त्या दिवसाचा पहिला फोटो : माझी पाठ. दुसरा : माझी पाठ, जरा जवळून. तिसऱ्यात मी पॅनेलवर वाकलेलो, आणि त्या फोटोबद्दल कोणी काही बोललं नाही.

"पुढचा लावा," वासंती पुटपुटली.

पुढच्या फोटोत मी मीटरमध्ये नाक खुपसून बसलोय, आणि माझ्या मागे, भिंतीवर, काळ्या तोंडाचं एक वानर आरामात कुरडई खातंय. त्याच्या पुढच्यात मी घाम पुसतोय, वानर साडीवर. त्याच्याही पुढच्यात मी दोन्ही हात वर करून नाचतोय (काटा हलला होता ना!), आणि वानर खायचं थांबवून माझ्याकडे बघतंय!

मग जशुबेननी पदर तोंडाला लावला.

"भाई, आ बेमां समजदार कोण?"

या दोघांत शहाणा कोण, असं विचारून त्या जे हसत सुटल्या! वासंती हसली, मग हसता हसता रडायलाच लागली. तिने जशुबेनचा हात धरला. "माझं चुकलं हो जशुबेन. मी तुमच्यावर..."

"अरे भाभी, छोडो ने! चा मूको, चा!" आणि वासंतीने डोळे पुसत चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या मे महिन्यात दोघींनी मिळून एकाच गच्चीवर वाळवण घातलं. मी आपणहून विचारलं, "राखणीला बसू का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"नको," वासंती म्हणाली. "त्यापेक्षा ते वानर बरं. ते निदान कुरडयांकडे बघतं तरी!"