गिरणीवाल्या आक्का

आक्कांना हळू बोलता येत नसे. दवाखान्यात, देवळात, मयताला, कुठेही गेल्या तरी आवाज एकाच पट्टीत. उभा जन्म पिठाच्या गिरणीशेजारी काढलेल्या बाईचा आवाज दुसरा कसा असणार? एकदा पोलीस ठाण्यात हवालदार त्यांना म्हणाला, "आजी, जरा हळू." आक्का म्हणाल्या, "हळू सांगितलेलं तुमाला ऐकू येत न्हाई, म्हून तर आले." तो ओशाळून हसला. तक्रार मात्र त्याने त्या दिवशीही घेतली नाही. "घरातलं हाय, घरात मिटवा," म्हणाला आणि चहा मागवला.

कोपरगावात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची गिरणी होती. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं. दिरांनी गिरणी विकायला काढली तेव्हा आक्का स्वतः गिरणीच्या दगडाला टाकी लावायला शिकल्या आणि दिरांना चहा पाजून परत पाठवलं. गिरणी सुरू असली की कानाशी तोंड नेल्याशिवाय कोणाला काही ऐकू जात नाही. ही सोय गावातल्या बायकांनी कधी हेरली कोण जाणे. डबा ठेवायचा, आक्कांच्या कानाशी वाकायचं आणि सांगायचं ते सांगायचं. सासू बाहेर बाकावर बसलेली असली तरी तिला पट्ट्याची धडधड तेवढी ऐकू येई. कोणाच्या पाठीवर काय उठलंय, कोणाला मोरीत कोंडलं होतं, सगळं त्या धडधडीत बोललं जाई. एखादीचं सांगून संपलं नसेल तर आक्का तिचं दळण पुन्हा टाकत आणि बाहेर ओरडून सांगत, "बारीक न्हाई आलं अजून!" आमच्याकडच्या कित्येक घरांनी मैद्यासारख्या पिठाच्या भाकरी मुकाट्याने खाल्ल्या आहेत. आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या या बाईच्या तोंडून एकीचंही नाव कधी दुसरीकडे गेलं नाही.

मी इथल्या महाविद्यालयात शिकवते. त्यामुळे आक्का मला 'प्राध्यापकीण' म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या सगळ्या मोहिमांना माझी स्कूटर लागे. मोहिमा म्हणजे काय, तर मारझोड होत असलेल्या घरी जायचं आणि उंबऱ्यावर बसायचं. उंबऱ्यावर बसू नये, लक्ष्मी अडते, असं आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. आक्का नेमक्या तिथेच मांडी घालत. घरचे हवालदिल होत. "आक्का, आत या, सतरंजीवर बसा," अशा विनवण्या सुरू होत. आक्का म्हणत, "लक्ष्मीला तुमी काल रातीच लाथ घातली. आता मी बसल्यानं काय अडतंय?"

त्यांचं म्हणणं एकच होतं. ज्याने हात उचलला त्याने घर सोडायचं. "मारनारा घरात, न् मार खानारी एष्टीत. ही कुठली रीत? बोचकं त्याचं बांधा. जाऊ द्या त्याला मामाकडं." ऐकणारे हसत. नवऱ्याने घर सोडायचं ही कल्पनाच लोकांना विनोदी वाटे. कायद्यातही बाईला घरातून काढू नये असं आहे, हे मी दर वेळी सांगे आणि दर वेळी लोक माझ्याकडे, बाई शिकलेली आहे, चालायचंच, अशा नजरेने बघत. मला त्या हसण्याचा अजूनही संताप येतो. आक्कांना यायचा तो वेगळाच. मार खाऊन माहेरी आलेली बाई आठ दिवसांत परत नांदायला गेली की त्या तिच्यावरच उखडत. "जा, मर तिकडं," म्हणत. मी भांडायचे, "आक्का, ती जाणार कुठे?" दुसऱ्या दिवशी मात्र आक्कांनी तिच्या गावच्या भाजीवालीकडे तिच्यासाठी गुपचूप निरोप दिलेला असे.

दरवर्षी नोव्हेंबर सरत आला की आमच्या महाविद्यालयाला वरून पत्र येतं. जगभर स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध पंधरवडा पाळला जातो, आपणही पाळावा, फोटो पाठवावेत. पहिल्यांदा मी आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी गिरणी बंद केली. असं त्या सहसा करत नसत.

"जगात बी हेच हाय?"

"सगळीकडे आहे, आक्का. श्रीमंत देशांत पण."

बराच वेळ त्या पापण्यांवरचं पीठ झटकत राहिल्या. "मला वाटायचं, आपल्याच पान्यात काय तरी हाय," म्हणाल्या. आणि मग, "तिकडच्या बाया बोलायला कुठं जात्यात गं?"

या प्रश्नावर मी एखादं व्याख्यान देऊ शकले असते. दिलं नाही हे बरं केलं.

त्या वर्षी पंधरवड्याचा कार्यक्रम शिर्डीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाला. प्रमुख पाहुणे नाना. नाना म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. बांधाची भांडणं, भावकीचे वाद, नवराबायकोचे तंटे, सगळं मिटवायला लोक त्यांनाच बोलावतात. नानांनी दीप लावला. "स्त्री ही घराची शान आहे," म्हणाले. जमलेल्या सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. आक्का मागच्या रांगेतून म्हणाल्या, "नाना, बैठकीत तुमी बाईला कधी इचारता का, तिला जायाचं हाय का म्हून?" माईक नसूनही ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. नाना छान हसले. "आक्का आमच्या आईसारख्या," म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. एखाद्याचं तोंड बंद करायला टाळ्यांसारखं दुसरं काही नाही.

दुसऱ्याच दिवशी नानांची बैठक होती, कोपरगावजवळच्या एका वस्तीवर. मनीषाची. मनीषा तिथली लेक, दिली होती बेलापूरला. नवरा झेंडूचा टेम्पो शिर्डीला घेऊन जायचा आणि घरी येऊन तिला मारायचा. यात आणखी एक पाचर होती. लग्न साट्यालोट्याचं होतं. मनीषा त्यांच्या घरी, आणि नवऱ्याची बहीण सुनंदा मनीषाच्या भावाला. मनीषा माहेरी राहिली तर सुनंदाला तिचे माहेरचे घेऊन जाणार, हा सरळ हिशेब. सुनंदाला दिवस गेलेले. मनीषाची आई आमच्या पाया पडली. "आक्का, हिच्यापायी त्या पोरीचा संसार मोडंल. माझी लेक सोसंल. सवय हाय तिला."

नाना आले. शिर्डीत दिलेला गुलाबांचा गुच्छ त्यांच्या गाडीच्या काचेमागे तसाच होता. नवऱ्याने सासऱ्याच्या पायावर हात ठेवला, "पुन्हा व्हायचं न्हाई," म्हणाला. "झालं गेलं गंगेला मिळालं," नाना म्हणाले. मनीषाला नवी साडीचोळी केली, ओटी भरली. आक्का ओरडल्या, "साडी तिला कशापायी? मार खाल्ल्याचं बक्षीस हाय का?" कोणीतरी म्हणालं, म्हातारीला चहा द्या. मनीषा नवी साडी नेसून टेम्पोत बसली. मला तिथल्या प्रत्येक माणसाला धरून हलवावंसं वाटत होतं, तिच्या आईसकट.

उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. आक्का या वेळी बेलापूरला गेल्या नाहीत, पोलिसांकडेही लगेच गेल्या नाहीत. त्यांनी सुनंदाला गाठलं. तोवर सुनंदा बाळंत होऊन उठली होती, दळण घेऊन गिरणीवर यायची. आठवडाभर तिच्या बाजरीचा भुगा होत राहिला. काय बोलणं झालं ते आक्कांनी मलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या बैठकीत सुनंदाच्या वडिलांनी नेहमीचा पत्ता टाकला. "मनीषा येत नसंल तर आमी आमची पोरगी घेऊन जातो. सुनंदे, चल, आवर."

सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात तान्ह्याला घेऊन उभी होती. म्हणाली, "मी येत न्हाई."

"काय?"

"मी काय म्हैस हाय का, दोर सोडला की निघाली? माझा नवरा मला मारत न्हाई. मी हितंच ऱ्हानार. आन दादानं वहिनीचा कान फोडला, ते तुमी समदे बघत हुता. तुमी बी, आप्पा."

इतकं साधं होतं ते. जी न्यायची तीच येत नाही म्हटल्यावर धमकीत उरलं काय? नाना घड्याळाकडे बघत म्हणाले, "बाईच्या जातीला एवढं तोंड बरं न्हाई," आणि उठले. मनीषा त्या दिवशी टेम्पोत बसली नाही.

इथे गोष्ट गोड करता आली असती. पण पुढे कज्जा चालला, तारखा पडल्या, आणि सासरच्या घरात राहायचा हक्क मनीषाला कागदावर मिळाला. त्या सासूबरोबर त्या घरात राहणार कोण? तिने कोपरगावात खोली घेतली आणि गिरणीवर कामाला लागली. नवरा त्याच घरात आहे, झेंडूचा टेम्पो चालवतो. आक्का चरफडत. "मारलं त्यानं, न् घर सोडलं हिनं. जन्मभर बोंबलले, त्याचं काय झालं सांग, प्राध्यापकीण!" मी त्या वर्षीही शपथेचे फोटो पाठवले होते.

पिठाने आक्कांची छाती धरली होती. शेवटच्या महिन्यांत चार शब्दांवर दम लागे. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "यंदा बी पंधरवडा हाय का?"

"आहे."

"पाव्हना?"

"नानाच."

त्यांनी एक अस्सल शिवी घातली, मग खोकत खोकत हसल्या. "मंग मी न्हाई येत," म्हणाल्या. पंधरवडा सुरू होण्याआधीच गेल्या.

आमच्याकडे दहाव्याला घाटावर भाषणं होतात. गोदावरीच्या काठी मंडप, माईक, पुढाऱ्यांची रांग. पिंडाला कावळा शिवायच्या आत कोणी ना कोणी श्रद्धांजली वाहून घेतो. आक्कांना त्याची चीड होती. पण स्वतःच्या दहाव्याला कोण काय करणार? नाना उभे राहिले. आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खराही असावा, त्याचाच मला जास्त राग आला. "आक्कांनी या तालुक्यात कित्येकांचे संसार जोडले," नाना म्हणाले. "मोडू दिले नाहीत."

बायकांच्या घोळक्यातून मनीषा उठली. ती कधी चारचौघांत बोललेली मी पाहिली नव्हती.

"नाना, खोटं बोलू नगा. आक्कानं माझा संसार जोडला न्हाई. मोडला. म्हून मी जित्ती हाय."

नानांनी माईकवाल्याला खूण केली, त्याने घाईघाईने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. तेवढ्यात पाठीमागे आणखी एक बाई उठली. चांगली म्हातारी होती, काठी टेकत. मी तिला ओळखत नव्हते, कोणाची कोण ते नंतरही कळलं नाही.

"माजा बी मोडाया पायजे हुता," ती म्हणाली, आणि खाली बसली.