बावीसच्या रायफलीचा ब्रेक

मानवतच्या सिद्धोधन खिल्लारेंना खोटं बोलता येत नाही, असं त्यांच्या ओळखीतलं कुणीही सांगेल. गेल्या हिवाळ्यात मात्र हा माणूस बरेच आठवडे एकच खोटं बोलत राहिला, आणि तेही जास्त करून स्वतःशीच. "रायफल धक्का मारायलीय," असं ते म्हणायचे.

रायफल कुठली, तर पॉइंट बावीसची. गोळी करंगळीच्या पेराएवढी. ती सुटली की खांद्याला टिचकी मारल्याइतकंच कळतं. कॉलेजातल्या एनसीसीच्या पोरी पहिल्यांदा हीच हातात धरतात आणि हसत हसत उठतात. तिच्या धक्क्याची तक्रार करणं म्हणजे कोंबडीनं शिंग मारलं म्हणून दवाखाना गाठण्यासारखंच. आणि तक्रार करणारा कोण, तर फौजेतून नाईक होऊन निवृत्त झालेला, नंतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलेला, साठी ओलांडलेला गडी. पण माणसाला खरं दुखणं सांगायची लाज वाटली की तो दुसरं कुठलं तरी दुखणं शोधून ठेवतो.

सिद्धोधनरावांची रायफल बाहेर निघायची ती रविवारी. जिंतूरकडच्या एका माळावर माजी सैनिकांनी रीतसर परवानगी काढून चांदमारी चालवली होती. समोर मातीचा उंच बांध, बांधापुढे चौकटीवर लावलेले निशाणाचे कागद, आणि अलीकडे ओळीनं अंथरलेल्या ताडपत्र्या. म्हातारे फौजी कानात कापूस कोंबून त्या ताडपत्र्यांवर पालथे पडायचे. तिथला एक जुना रिवाज होता. गोळी झाडणाऱ्यानं आपल्या निशाणाकडे बघायला मान उचलायची नाही. शेजारी पडलेल्या जोडीदारानं दुर्बिणीतून बघायचं आणि गोळी कुठं लागली ते सांगायचं. मग पाळी बदलायची.

सिद्धोधनरावांचे जोडीदार होते सेलूचे दत्तराव, तोफखान्यातले हवालदार. "खाली, उजवीकडं." "मध्ये." "जरा वर." आठवडाभरात सिद्धोधनरावांशी कुणी असं जवळून, त्यांच्याकडे लक्ष देऊन बोलत असेल तर ते एवढंच.

कारण घरात कुणी नव्हतं. रेणुकाताई जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी धम्मशीला पुण्यात नर्स, तिचा फोन यायचा, पण ड्यूटीच्या मधल्या फटीतून. रेणुकाताई होत्या तेव्हा त्या घरात शांततेला पाऊल ठेवायला जागा नव्हती. मिक्सर चालू, टीव्ही चालू, आणि दोन्हींच्या वरताण आवाजात त्या स्वतः चालू. सिद्धोधनराव तेव्हा कुरकुरायचे, "आगं जरा दम घे की." त्या गेल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला तो केलाच. बँकेतली गर्दी, कापसाच्या दिवसांतली मारामारी वाटावी अशी रांगेतली ढकलाढकली, तेही नोकरीबरोबर संपलं होतं. आता कधी कधी दुधाची पिशवी घेताना "एक लिटर द्या" म्हणायला ते तोंड उघडायचे आणि घशातून आवाजच यायचा नाही. दिवसभरातलं पहिलं वाक्य असायचं ते.

अशात एका रविवारी त्यांची एक गोळी बांधाच्या वरून गेली.

पलीकडे उजाड टेकाड होतं म्हणून काही झालं नाही. पण चांदमारीचा सगळा जिम्मा ज्यांच्यावर होता ते सुभेदार सूर्यभान लाल झेंडी वर करून तिथल्या तिथे फायरिंग थांबवत आले. "नाईकसाब, ट्रिगर दाबताना तुमी दचकायलाव. मी तीन रविवार बघायलोय."

"दचकत न्हाई साब. रायफल धक्का मारायलीय. खांद्याला लागतंय."

"बावीसची?" सूर्यभानांनी एवढंच विचारलं, आणि ओळीतल्या दोघातिघांनी आपापला कापूस नीट करायचं निमित्त काढून तोंडं फिरवली. मग सूर्यभान जरा मऊ आवाजात म्हणाले, "खांद्याचं बघून घ्या. अजून दोन रविवार देतो. अशीच एक बी गोळी वर गेली तर तुमचं फायरिंग बंद. माझा नाइलाज हाय."

फायरिंग बंद म्हणजे रविवार बंद. नुसतं बघायला या, असं कुणी म्हटलंही असतं. पण हातात रायफल नसताना तिथं बसणं म्हणजे पंगतीत पान न मांडता बसणं. सिद्धोधनरावांना ते जमलं नसतं. घरी येताना त्यांनी पुढचे रविवार डोळ्यांपुढे आणले.

खांदा दुखतोय म्हणून सांगून बसले होते, तेव्हा आता खांद्यावरच इलाज करणं आलं. त्यांनी ऐकलं होतं की मोठ्या रायफलींच्या नळीच्या तोंडाला मझल ब्रेक नावाचं एक नळकांडं बसवतात. त्याला बाजूंनी भोकं असतात; गोळीमागचा वायू त्यातून बाजूला फेकला जातो आणि धक्का कमी होतो. ते बस धरून परभणीला गेले, बंदुकांच्या परवानाधारक दुकानात.

दुकानदार भला माणूस. त्यानं रायफल बघितली, मग सिद्धोधनरावांकडे बघितलं. "काका, हिला धक्काच न्हाई, तर कमी काय करायचा? ब्रेकचा उपयोग जड रायफलीला. हिला लावला तर आवाज तेवढा वाढंल. तुमच्या कानाशी वाढंल आणि शेजारी जो पडलेला असंल त्याच्या कानाशी त्याहून जास्त. वायू बाजूलाच फेकतंय ना ते."

"पण थोडा तर फरक पडंल?"

"खांदा लय दुखतोय का?"

सिद्धोधनरावांनी खांदा चोळला. खरं तर खांदा अगदी ठणठणीत होता, आणि कुठला खांदा चोळायचा हेही त्यांना क्षणभर आठवावं लागलं. "दुखतोय," ते म्हणाले.

शेवटी दुकानदार म्हणाला, "न्या. कायदेशीर बसवून देतो. पटला न्हाई तर आणून द्या." आणि सिद्धोधनराव ब्रेक लावलेली रायफल घेऊन घरी आले. आठवडाभर त्यांनी ती तीनदा खोळीतून काढून बघितली. लावून ठेवावा की काढून टाकावा? शेजारच्याच्या कानाशी, हे शब्द डोक्यात होतेच. शेजारी म्हणजे दत्तराव. पण फायरिंगच बंद झालं तर दत्तरावांच्या शेजारी पडायचंच कुठं राहिलं? असा हिशोब करून त्यांनी ब्रेक ठेवला. धम्मशीलाचा फोन आला तेव्हा तिला विचारावं असं मनात आलं होतं. पण ती म्हणाली, "बाबा, जेवलात का? बरं, ठेवते, पेशंट आलाय," आणि ते "हो बाळा" म्हणाले, तेही फोन कट झाल्यावर.

रविवारी त्यांनी पहिली गोळी झाडली आणि सबंध ओळ दचकली. लवंगी फटाका पत्र्याच्या डब्यात फोडावा तसा आवाज. दत्तरावांनी दुर्बीण खाली ठेवून उजव्या कानावर तळवा दाबला. तोफखान्यात तो कान आधीच अर्धा गेलेला होता. उरलेल्या अर्ध्यात आता भिंगरी फिरत होती. दुसऱ्या गोळीलाही तेच. तिसऱ्या गोळीनंतर मात्र ते उठले, ताडपत्रीची घडी केली आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडले.

फौजी माणसांचं हे एक वाईट असतं. एकाला खांद्याचं खोटं सोडवेना, दुसऱ्याला कानाचं खरं सांगवेना. दत्तरावांना वाटलं, नाईकसाबांना आता चढाओढीत उतरायचं असेल, म्हणून रायफलीला साज चढवलाय. आपण बहिरट म्हाताऱ्यानं कशाला अडचण करावी? सिद्धोधनरावांना वाटलं, संपलं. दत्तराव आपल्यापासून उठून गेले.

दुसऱ्या बाजूचा गडीही आवाजानं लांब सरकला होता. डाव्या-उजव्या दोन्ही जागा रिकाम्या. गोळी कुठं लागतेय ते सांगणारं कुणी नाही. ते पुढची गोळी भरून पडले. सगळीकडे शांत झालं, घरात असतं तसं, आणि त्या शांततेत आता आवाज होणार, आता होणार, असं त्यांचं सगळं अंग वाट बघायला लागलं. ट्रिगर दाबायच्या आधीच त्यांचे डोळे गच्च मिटले. ते त्यांचं त्यांना कळलं. खांद्याला धक्का लागायच्याही आधी. त्यांनी गोळी झाडलीच नाही. रायफल मोकळी केली, खाली ठेवली आणि तसेच पडून राहिले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हे.

चहाच्या वेळी सगळे लिंबाखाली जमले. कुणाच्या तरी हातून स्टीलचा पेला दगडावर पडला. खणकन वाजला, एवढंच. पण सिद्धोधनराव असे उडाले की हातातला सगळा चहा सदऱ्यावर सांडला. हसायला तोंड उघडलेल्यांनी त्यांचा चेहरा बघून ते मिटलं.

दत्तराव उठून त्यांच्याजवळ येऊन बसले. बरा कान त्यांच्याकडे केला. "नाईकसाब, खांदा दुखत न्हाई तुमचा."

सिद्धोधनराव ओला सदरा झटकत राहिले.

"घरी कोण बोलतं तुमच्यासंगं?"

असा प्रश्न त्यांना चार वर्षांत कुणी केला नव्हता. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, हे विचारणारे होते. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा तसंच झालं, आवाज आला नाही. खाकरून म्हणाले, "कोन न्हाई. सकाळी भांडं पडलं तरी काळीज उडतंय, दत्तराव. कुकरची शिट्टी झाली तरी. मी कुकर लावायचा सोडून दिला. फौजेत तोफा वाजायच्या तवा झोपायचो मी. आता घरात एवढं शांत असतंय, की कायबी वाजलं की वाटतंय, माझ्या अंगावर आलं." मग जरा थांबून म्हणाले, "लाज वाटती हो सांगायची."

"आन त्याच्यावर तुमी आवाज वाढवायचं यंत्र लावून आलाव?" दत्तराव म्हणाले. "शाब्बास. माझा कान नेला फुकटात."

सिद्धोधनराव हसले. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. मग दोघांनी मिळून, पाना मागून आणून, ब्रेक काढला.

दत्तरावांनी ताडपत्री परत जुन्या जागी आणून पसरली. सिद्धोधनराव पडले, तसे दत्तराव बोलायला लागले. गोळीबद्दल नाही. सुनेनं आणलेल्या नव्या कपडे धुवायच्या मशिनीबद्दल, ती कशी नाचत नाचत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते आणि त्यांची बायको तिला कशी शिव्या घालते, याबद्दल. सूर्यभान पलीकडून ओरडले, "फायरिंगच्या लायनीत गप्पा न्हाईत!" दत्तरावांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं, ते त्यांना फार छान जमतं. मशीन दारात येऊन अडकली आणि गोळी सुटली.

"हां, खाली गेली जरा," दत्तराव म्हणाले. "मग म्हातारी म्हणती, हिला दावं लावा."

पुढच्या गोळ्याही कागदातच लागल्या. मध्यावर म्हणाल तर एकही नाही. पण बांधावरून एकही गेली नाही, आणि सिद्धोधनरावांचे डोळे उघडे राहिले. सूर्यभान येऊन कागद बघून गेले. म्हणाले, "ठीक हाय. येत जा." जाता जाता दत्तरावांना म्हणाले, "तुमी हळू बोला."

सोमवारी सिद्धोधनराव ब्रेक परत करायला परभणीला गेले. दुकानदारानं विचारलं, "का काका, पटला न्हाई?" ते म्हणाले, "खांदा बरा झाला." हे शेवटचं खोटं, आणि ते दुकानदारालाही कळलं असावं.

काम झालं तेव्हा अकराच वाजले होते. बसस्थानकावर मानवतची गाडी लागलेलीच होती. सिद्धोधनराव पायरीपर्यंत गेले. आत जागा होती, खिडकीची. आणि अर्ध्या पाऊण तासात घर होतं. कुलूप, पंखा, आणि रविवार यायला अजून सगळा आठवडा.

ते पायरीवरून मागे फिरले. फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर दोन बायांच्या मधे थोडी जागा होती. एकीच्या मांडीवर लेकरू रडत होतं, दुसरी फोनवर कुणाला तरी मोठमोठ्यानं पत्ता सांगत होती. वर कर्णा करकरत होता. कुणी शेंगा विकत होतं, कुणी भांडत होतं. सिद्धोधनरावांनी विचारलं, "बसू का माय?" लेकरूवाली सरकली. ते बसले.

मागं कुठं तरी एका गाडीचं टायर की काय फाडकन वाजलं. बाया दचकल्या, लेकरू दचकलं. सिद्धोधनराव हलले नाहीत.

मानवतच्या गाडीचा कंडक्टर दारातून ओरडला, "बाबा, मघाशी चढत होताव ना? यायचं न्हाई का?"

"जाऊ द्या," सिद्धोधनराव म्हणाले. "मी मागच्या गाडीनं येतो."

गाडी गेली. मग तिच्या मागची आली, तीही त्यांनी जाऊ दिली.