वऱ्हाडाची अंघोळ

औशाजवळच्या गौरम्माच्या डोक्यात कधी काय येईल याचा नेम नसे, पण मुलीच्या लग्नात तिने केलेला उद्योग म्हणजे कहरच. मंजुश्रीचं लग्न ऐन वैशाखात. विहीर कोरडी ठाक, बोअर नुसती हवा फेकणारा आणि एप्रिलची छाटणी झालेली द्राक्षबाग उन्हात माना टाकून उभी. हल्ली पाऊस यायचा तो माल तोडणीला आला की, आणि ऊन मात्र वेळेआधीच हजर! आता वेलींना पाणी मिळालं नाही तर पुढच्या साली घड धरणार नव्हते. टँकर दारात उभा होता, पण तो वऱ्हाडासाठी.

"पाणी वऱ्हाडाचं हाय, बागंचं न्हाई," नवरा वीरण्णाने बजावलं.

"मग वऱ्हाडच बागंत नेते की!" गौरम्मा म्हणाली आणि लागलीच कामाला.

बागेच्या लोखंडी अँगलना जुनी लुगडी बांधून तिने न्हाणीघरं उभी केली. वेलीच्या बुडाशी बसायला लाकडी पाट. साबणाला बंदी, अंगाला डाळीचं पीठ. एकाची अंघोळ झाली की पाट पुढच्या वेलीला. नवरदेवाची हळदीची अंघोळ तर तिने मुद्दाम सगळ्यात वाळक्या वेलीशी घातली. "माझा पाट कुनी पळवला?" म्हणून नवरदेवाचे मामा पंचा गुंडाळून बोंबलत होते. गौरम्मा घागर घेऊन अशी धावत होती, की नवरीची आई कोण हेच पाहुण्यांना कळेना.

अडून बसली ती एकटी नवरदेवाची आत्या, उदगीरची कमलम्मा. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ती तोंडात पाणीही घेत नसे, आणि बागेत अंघोळीला तयार नव्हती. "आमी काय म्हशी हाव का?" दुपार होत आली. शेवटची ओळ कोरडी, आत्याबाई उपाशी. गौरम्माने हात जोडले.

"अक्का, चुकलं माझं. घरात पानी काढून देते. पन जेवा."

कमलम्मा उठली, एक भरली घागर आणि तांब्या उचलून बागेत शिरली, ती बाहेरच येईना. शेवटी गौरम्माने धीर करून लुगडं बाजूला सारलं. पाहते तर काय, आत्याबाई नेसत्या लुगड्यानिशी ओल्याचिंब, काखेत पाट! एका वेलीशी बसून तांब्याभर पाणी अंगावर घ्यायचं, की उठून पुढच्या वेलीशी. मधली एक वेल चुकून राहिली तशी ती मागे फिरली.

"थांब गं बाई, तुझं राहिलं!"

आणि खळखळून हसली. गौरम्माही हसत सुटली. दोघींना थांबताच येईना.

"माझीबी बाग होती, ईनबाई," दम खात कमलम्मा म्हणाली. "दुष्काळात तोडून टाकली. घरात लगीन होतं तवा, टँकरबी होता. पन ही अक्कल सुचली न्हाई मला."

तिचे डोळे भरून आले. गौरम्माने तिचा ओला हात घट्ट धरला. ओळीत अजून काही वेली कोरड्या होत्या. कमलम्माने पाट पुढे सरकवला, त्यावर बसकण मारली आणि रिकामी घागर गौरम्माच्या हातात दिली.

"आन की आनखी! माझी अंघोळ कुठं झाली अजून?"