पोळ्याची सुट्टी

नवी राज्यं जुळवणं चालू होतं. बुऱ्हाणपूर कुणाच्या वाट्याला जाणार यावर गावात हमरीतुमरी व्हायची, आणि आमच्या घरात विषय एकच, दादाचं इन्सुलिन. माझा हा थोरला भाऊ तापीकाठी केळी लावायचा. मधुमेहाने तो ऐन पंचविशीत वाळून गेला होता.

मी जबलपूरला गुरांची डॉक्टरी शिकत होतो. सुट्टीत आलो की बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातून औषध आणायचो आणि शिकलेलं पाजळायचो. विहीर भरलेली असली तरी मोट हाकल्याशिवाय पाणी वावरात जात नाही, तसं रक्तातली साखर इन्सुलिनशिवाय स्नायूंत शिरत नाही. कुत्रा, उंदीर, माणूस, सगळ्यांचं तेच. रवंथ करणाऱ्या बैलाचे स्नायू साखरेला आपल्याएवढे हपापलेले नसतात, पण त्याचं इन्सुलिन आपल्याला चालतं. ही बाटली त्याचीच.

आई कानांवर हात ठेवून उठून गेली. दादा मात्र हसला.

"मंग माह्या अंगातली मोट बी बैलच ओढतो म्हन की! वावरात तोच, इथं बी तोच. बिचारा."

तेव्हापासून तो वहिनीकडून बिनतक्रार टोचून घेऊ लागला. आम्हाला देव पावल्यासारखं झालं.

मग पोळा आला. मी तेव्हा जबलपूरला होतो. आमच्याकडे आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात. तेव्हापासून पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे करीपर्यंत, त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. वहिनी सुई उकळून घेऊन आली, तर दादा म्हणाला, "ठेव वापस. पोळ्याले बैल जुपत नाही कोनी."

ती रडली, पाया पडली. एरवी लोण्यासारखा मऊ माणूस, रीतीपुढे कुणाचं ऐकेना. वर पुरणपोळी खाल्ली.

तार मिळाली तसा मी निघालो आणि करीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चांदनी स्टेशनावर उतरून धावत घरी पोचलो. दादा उलट्या करून थकला होता. श्वास खोल चालला होता, तोंडाला पिकल्या फळाचा वास येत होता. मला त्याचा भयंकर राग आला. अजून येतो. रक्तात साखर तुडुंब, आणि बैलावरच्या मायेपायी हा उपाशी मरत होता.

मी सुई भरली. त्याने डोळे उघडले.

"कर झाली का?"

"काल झाली, दादा."

"मंग टोच," म्हणाला, आणि दंड पुढे करायला गेला. दंड हलला नाही. मी टोचलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.