लोण्याचा सकाळचा हात

दाढी करताना हात लोण्यासारखा फिरतो म्हणून त्या न्हाव्याला अख्खा बाजार लोण्या म्हणायचा. बायको एरवी 'अहो' म्हणायची. रागावली की तिच्याही तोंडी लोण्याच. हल्ली 'अहो' ऐकू येईनासं झालं होतं.

कारण सकाळच्या गिऱ्हाइकांच्या हनुवटीवर ओरखडे दिसायला लागले होते. दुपारी मात्र तोच वस्तरा, तोच हात, आणि काम झकास! शेजारच्या वाणीबुवांनी लगेच शोध लावला, "सकाळी हात चालत नाही, दुपारी चालतो. म्हणजे मधल्या वेळात पोटात काहीतरी जातं. कळलं ना?"

न कळायला काय झालं? संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. सकाळची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जाऊन बसली.

बायकोनं नवऱ्याचं तोंड हुंगलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, पावडरीच्या डब्यातही बोट घातलं. बाटली सापडेना. शेवटी एका सकाळी ती मागच्या दारानं दुकानात शिरली. लोण्या पाठमोरा, खाली वाकलेला.

"सापडलात!"

तो दचकून वळला. दोन्ही हात टॉवेल भिजवायच्या गरम पाण्यात!

"अगं, उठल्यावर मूठच वळत नाही. बोटांची लाकडं होतात. दोन-तीन दाढ्या झाल्या की सुटतात."

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"न्हाव्याचे हात गेले म्हटल्यावर राहिलं काय?"

तिनं ते हात उजेडात धरले. बोटांचे सांधे सुजलेले, गरम. उजव्याचे तसेच डाव्याचे. "अहो, वस्तरा उजव्या हातात धरता. डाव्यानं काय पाप केलं?"

डॉक्टरीणबाईही तिथंच अडल्या. हात दाबून पाहिले, थकवा येतो का विचारलं, रक्त तपासलं. "आमवात आहे. शरीराची राखण करणारी ताकदच सांध्यांवर उलटते. लवकर आलात; सांधे वाकडे व्हायच्या आत आवरू. आणि हो, या गोळ्यांबरोबर दारू बंद."

बायकोनं मान वळवून असं काही पाहिलं, की लोण्या कळवळून म्हणाला, "अगं, सुरूच कुठं केली होती!"

गुण यायला काही महिने लागले. मग बायको स्वतः वाणीबुवांकडे गेली. "सकाळची पहिली दाढी तुमची. फुकट." फुकट म्हटल्यावर बुवा आलेच. लोण्यानं वस्तरा त्यांच्या गळ्याशी टेकवला आणि गोड आवाजात विचारलं,

"बोला बुवा, माझ्या पोटात काय जातं म्हणालात?"

बुवांनी आवंढासुद्धा गिळला नाही. ओरखडा मात्र एकही उठला नाही.